पेन्सिल घेऊन वाईला

वाई माझे आजोळ. लहानपणी मे महिना लागला की आई आम्हां दोघा भावंडांना एस.टी.त घालून वाईला आणी, आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवसापर्यंत आमचा मुक्काम मधल्या आळीतल्या मामांच्या वाड्यात असे. कृष्णेच्या घाटावर मी पोहायला शिकलो. ढोल्या गणपतीच्या देवळात चपला हरवायला शिकलो. पुढे एम.ए. होऊन पुण्यात मराठीचा अध्यापक झालो, तेव्हा विश्वकोशाच्या ग्रंथालयात संदर्भ पाहण्याच्या निमित्ताने जाणे होई. म्हणजे जेवायला आणि झोपायला मामांकडे, मधल्या वेळात शब्दांकडे. असे निदान पन्नास वेळा तरी वाईला गेलो असेन. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा पिशवीत एक पेन्सिलींचा डबा होता, आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो डबा मी जरा लपवूनच नेला होता.

त्याचे कारण असे की माझे आणि चित्रकलेचे वैर जुने आहे. शाळेत सातवीत असताना आमच्या चित्रकलेच्या सरांनी मी काढलेला तांब्या सगळ्या वर्गाला वर धरून दाखवला आणि विचारले, ''ह्या तांब्यात पाणी राहील का रे?'' वर्ग हसला. तांब्या एका कुशीवर कलला होता, हे खरे. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणाऱ्यांच्या यादीतून मी त्याच दिवशी नाव काढून घेतले. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन ही नावे ऐकली तरी अजून माझ्या पोटात गोळा येतो. त्यानंतर हातून जे एकमेव चित्र घडत राहिले ते महाराष्ट्रातले प्रत्येक मूल काढते तेच: दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, त्याच डोंगरांतून निघणारी नदी, काठावर एक झोपडी, एक नारळाचे झाड आणि आकाशात मराठी चाराच्या आकड्यासारखे पक्षी. आमच्या कन्येने मात्र एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या. डबा तिचाच. ''बाबा, खोडरबर घेतलंत ना? तुम्हांला लागेल,'' एवढेच ती म्हणाली. मुली बापाला ओळखून असतात.

मामांचा वाडा पाडायचे ठरले होते. माघात काम सुरू व्हायचे होते, तेव्हा ही त्या वाड्यातली शेवटची दिवाळी. यात कोणाला बोल लावण्यासारखे काही नाही. मामांनी सत्तरी ओलांडली आहे, मामींच्या गुडघ्यांना माडीचा जिना झेपत नाही, पावसाळ्यात निम्म्या खोल्यांतून पातेली मांडावी लागतात, आणि मुलगा बंगळुराला. सही करताना मामांचा हात थरथरला नाही, असे मामी म्हणाल्या. फक्त त्या रात्री ते जेवले नाहीत.

त्यांनी मला आधीच फोन करून सांगितले होते, ''तू मराठीचा प्राध्यापक. वाड्याबद्दल काहीतरी लिहून आण. घरातल्या सगळ्यांना एकेक प्रत देऊ.'' मी दोन पाने लिहून नेली होती. चांगली लिहिली होती, असे माझे मत होते. वसुबारसेच्या संध्याकाळी ओसरीवर सगळे बसले असताना मी ती वाचून दाखवली. मामी डोळे टिपू लागल्या. मामा मात्र गप्प होते. जरा वेळाने म्हणाले, ''छान आहे. पण हा आपला वाडा नव्हे.''

''म्हणजे?''

''तू 'चौसोपी' लिहिलंयस. आपला वाडा चौसोपी कधी होता? सोपा तीनच बाजूंना. चौथ्या बाजूला परसाची भिंत. 'चिरेबंदी' लिहिलंयस. जोतं तेवढं दगडी, वर सगळ्या कच्च्या विटा. म्हणून तर गळतोय. आणि ते कोनाड्यांतून मिणमिणणाऱ्या पणत्या! अरे, कोनाड्यात पणती ठेवलेली मी तरी पाहिली नाही. हे कुठल्याही वाड्याला चालेल. भोरच्या चालेल, सासवडच्या चालेल.''

मी वीस वर्षे मुलांच्या निबंधांत 'ठरीव शब्द' असा शेरा तांबड्या शाईने मारीत आलो आहे. तो शेरा मला असा परत मिळाला.

झोपाळ्यावर मामांचे एक स्नेही बसले होते. हे निवृत्त ड्रॉइंग-मास्तर. वय ऐंशीच्या घरात, पांढरा लेंगा-सदरा, खिशात पेन्सिलीचा दोन बोटांएवढा तुकडा. रोज संध्याकाळी चहाला यायचा त्यांचा नेम होता. ते इतका वेळ काही बोलले नव्हते. आता म्हणाले, ''प्रोफेसर, आधी काढा. मग लिहा.''

''मला चित्र काढता येत नाही, मास्तर.''

''पाहता येतं का, ते बघू. उद्या सकाळी सातला दारापाशी बसा.''

धनत्रयोदशीच्या सकाळी आळीतली पोरे किल्ल्याची माती कालवीत होती आणि मी समोरच्या घराच्या पायरीवर वही मांडीवर घेऊन मामांच्या वाड्याचे दार काढीत होतो. दोन तास काढले. कमान काढली, फळ्या काढल्या, फळ्यांवर खिळ्यांच्या रांगा काढल्या, मोठ्या दारातली छोटी दिंडी काढली. पोरे येऊन बघून गेली आणि त्यांतल्या एकाने ''दार आहे,'' असे इतरांना सांगितले तेव्हा मला धन्य वाटले. मास्तर आले. वही हातात घेतली, एकदा चित्राकडे पाहिले, एकदा दाराकडे.

''खिळे किती काढलेत एका रांगेत?''

''अकरा.''

''मोजा बरं.''

सात होते. त्यांतले दोन पडून गेले होते आणि तिथे नुसती भोके होती. दिंडी मी दाराच्या मधोमध काढली होती. ती उजव्या पाखात, एका अंगाला आहे. तिच्यातून मी हजार वेळा वाकून आत गेलो असेन. कमान तर मी काढलेलीच होती, पण दाराला कमान नाहीच; वर सरळ लाकडी पट्टी आहे.

''हे दाराचं चित्र नव्हे,'' मास्तर म्हणाले, ''हे 'दार' ह्या शब्दाचं चित्र आहे. तुमचा दोष नाही. शब्द माहीत असला की डोळा कामच करीत नाही. नोकराला सांगितलेलं काम आधीच झालेलं असलं की तो कशाला हलेल?'' मग त्यांनी वहीबरोबर माझे खोडरबरही उचलले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. ''हे आठ दिवस माझ्याकडे. चुकलेली रेघ तशीच राहू द्यायची, शेजारी दुसरी काढायची. पहिली रेघ दिसत असली म्हणजे दुसरी कुठे काढायची ते कळतं. पुसून टाकली की तीच चूक पुन्हा.''

डब्यातल्या बारा पेन्सिलींपैकी दहा त्यांनी बाजूला ठेवल्या. पेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. १७९५ साली काँते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने ही दोन्ही कालवून भाजायची युक्ती काढली, आणि माती जास्त तर पेन्सिल कठीण, ग्रॅफाइट जास्त तर मऊ व काळी, हे मला त्या दिवशी कळले. आजवर मी पेन्सिलीवरचा एच्‌ आणि बी हा कारखान्याचा काही खाजगी मामला समजत होतो. माझ्या हाती त्यांनी एक २बी आणि एक ६बी एवढ्याच ठेवल्या. ''ह्याहून जास्त असल्या की माणूस पेन्सिली बदलत बसतो.''

दुपारी धडा दुसरा. मामींच्या स्वयंपाकघरातली पितळी किटली पाटावर ठेवली. मी पेन्सिल सरसावली तेव्हा मास्तर म्हणाले, ''किटली काढू नका. किटलीचा कान आणि पोट यांच्यामधलं जे भोक आहे ना, ते काढा. नुसतं भोक.''

मला ही थट्टा वाटली. पण काढायला बसलो आणि गंमत अशी झाली की त्या भोकाला नाव नव्हते. 'किटली' म्हटले की मला किटली कशी असते ते ठाऊक होते. ह्या भोकाबद्दल मला काहीच ठाऊक नव्हते. त्यामुळे बघावेच लागले. वर अरुंद, मध्ये फुगीर, खाली एका कोपऱ्याला टोक आलेले. उलट्या टांगलेल्या वांग्यासारखे म्हणावे, तर वांगेही नव्हे. ते काढले. मग मास्तरांनी किटलीची चोच आणि पाटाची कड यांच्यामधली तिकोनी जागा काढायला लावली. मग पाटाखालची. अशा चार-पाच नाव नसलेल्या जागा काढून झाल्या आणि कागदावर बघतो तो त्यांच्या मधोमध किटली येऊन बसलेली! पोचा आलेली, जरा पुढे झुकलेली, खास मामींची किटली. मी स्वयंपाकघरात जाऊन मामींना दाखवली. त्या चकलीचे पीठ मळत होत्या. ''अगंबाई, पोचासुद्धा काढलास की!'' म्हणाल्या. ''तो तुझ्या आईने पाडलाय. विहिरीवर.'' सातवीतल्या तांब्यानंतर चित्र दाखवून माझे कौतुक झाल्याचा हा पहिला प्रसंग.

नरकचतुर्दशीला फराळ आटोपून मास्तर आणि मी मेणवलीला गेलो. वाईपासून मेणवली तीनेक किलोमीटर. चालत जाण्यासारखा रस्ता आहे. पण मास्तरांच्या वयाकडे पाहून रिक्षा केली. पावसाळा नुकताच संपलेला, दोन्ही बाजूंना हळदीची शेते कमरेइतकी वाढलेली, आणि पांडवगडाचा डोंगर अजून हिरवा. धोमच्या धरणाखाली कृष्णा इथे शांत वाहते. सांगायला मजा वाटते, पण डोंगर, नदी, काठावर देऊळ आणि वरून उडणारे बगळे अशी सगळी सामग्री पाहून मला ते शाळेतले एकमेव चित्र आठवले. मास्तरांना तसे म्हणालो. ते म्हणाले, ''सगळी पोरं तेच काढतात, वाईचीसुद्धा. खिडकीतून खरा डोंगर दिसत असतो, त्याला त्रिकोणी माथा नसतो, वर सपाट तुटलेला कडा असतो. तरी पोरगं त्रिकोणच काढतं. चाळीस वर्षं मी 'खिडकीबाहेर बघ' म्हणून ओरडलो.''

मेणवली हे गाव १७६८ साली नाना फडणिसांना इनाम मिळाले. त्यांनी इथे वाडा बांधला, वाड्यामागे नदीला घाट बांधला, घाटावर विष्णूचे आणि मेणेश्वराचे अशी देवळे बांधली. मराठेशाहीच्या कारभारातले सगळ्यांत मोठे कागद-माणूस नाना. त्यांचे कागद इथेच सापडले, त्यालाच इतिहासात मेणवली दप्तर म्हणतात. घाटावर एका छोट्या दगडी मंडपात एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हाच्या लुटीतली ही पोर्तुगिजांची घंटा, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. ज्यांना इतिहास नको असतो त्यांना इथे 'स्वदेस' चित्रपटाचे चित्रीकरण झाले, एवढे सांगितले तरी पुरते. आम्ही बसलो होतो तेवढ्या वेळात तीन मंडळी येऊन पायरीवर उभी राहून फोटो काढून गेली. त्यांच्यापैकी कोणी घंटेकडे पाहिले नाही. मीही लहानपणी पाहिले ते दगड मारण्यापुरतेच.

मास्तरांनी मला अगदी खाली, पाण्यालगतच्या पायरीवर बसवले. ''पायऱ्या काढा. मोजू नका.''

मी अर्थात मोजल्या. मोजून तेवढ्या रेघा काढल्या, सगळ्या सारख्या अंतरावर. प्रत्येक पायरीला उभी बाजू काढली आणि वर पाऊल ठेवायची आडवी बाजू काढली. पायरी म्हटली की दोन बाजू आल्याच. चित्र धुणे वाळत घातल्याच्या दांडीसारखे दिसू लागले.

''तुमचा डोळा कुठे आहे?'' मास्तरांनी विचारले. मी कपाळाकडे बोट नेले. ''तो नव्हे. डोळ्याच्या उंचीची रेघ. ही पेन्सिल आडवी डोळ्यासमोर धरा. समोर ती कुठल्या पायरीला लागते?''

पाचव्या पायरीला लागत होती. ''आता त्या पायरीच्या वर बघा. एकाही पायरीचा माथा दिसतो का?''

दिसत नव्हता! पाचवीच्या वर नुसत्या उभ्या बाजू होत्या, एकावर एक, भिंतीसारख्या. पाऊल ठेवायची जागा कुठेच दिसत नव्हती. पाचवीच्या खाली मात्र माथे दिसत होते, आणि जितकी पायरी खालची तितका तो रुंद. मी उभा राहिलो, तसा आणखी तीन पायऱ्यांचा माथा उघडला. बसलो, मिटला. दोन-तीनदा मी तसा उठलो-बसलो. समोर कपडे धुणाऱ्या बाई थांबून बघू लागल्या. त्यांना वाटले असेल, पुण्याचे पाहुणे व्यायाम करताहेत.

मास्तरांनी मग कोपर ताठ ठेवून, एक डोळा मिटून, लांब धरलेल्या पेन्सिलीवर अंगठ्याने माप कसे घ्यायचे ते दाखवले. कोपर वाकले की माप बदलते, म्हणून हात काठीसारखा हवा. देवळाच्या भिंतीची उंची एक पेन्सिलभर, तर शिखर दीड. पायऱ्यांची रांग उजवीकडे जाताना किती उतरते ते पेन्सिल तिरकी लावून पाहायचे आणि तोच तिरकेपणा कागदावर आणायचा. कुठे अंधार, कुठे उजेड ते कळत नसेल तर डोळे किलकिले करायचे. मग बारीकसारीक सगळे बुडते आणि तीनच गोष्टी उरतात: काळे, करडे, पांढरे. या चार-पाच युक्त्यांपलीकडे मास्तरांनी मला आठ दिवसांत काही शिकवले नाही. बाकीचा वेळ ते तपकीर ओढीत किंवा नदीकडे बघत बसत.

पण त्या दिवशी घाटावर ते एकदा बोलायला लागले. ''प्रोफेसर, तुम्ही स्वतःला थोराड विद्यार्थी समजता, म्हणून लाजता. गंगाराम तांबटाचं नाव ऐकलंय?''

ऐकले नव्हते. कबूल करायला हरकत नाही की मराठीच्या प्राध्यापकाला ते ठाऊक असायला हवे होते. नानांच्या काळात पुण्यात चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. त्याच्याकडे जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार आला. सवाई माधवरावांची आणि नानांची जी चित्रे आपण पुस्तकांतून पाहतो, ती या वेल्सची. मॅलेटने पुण्यात एक चित्रशाळा काढवली आणि तिथे इथल्या माणसांना पाश्चात्त्य रीतीचे चित्र शिकवले गेले. गंगाराम चिंतामण तांबट हा तिथला. मॅलेटसाठी त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. मुंबईचे जे. जे. स्कूल निघाले १८५७ साली. त्याच्या साठेक वर्षे आधीची ही गोष्ट.

''आपल्याकडे काय कमी चित्रं होती? नानांच्या ह्या वाड्यात भिंती रंगवलेल्या आहेत. पण डोळ्यापासून दूर गेलं की लहान दिसतं, ते तसंच लहान काढायचं, ही रीत नवी. देव लांब असला म्हणून काय लहान काढायचा? असं वाटलं असेल त्याला. आधी येत असलेलं बाजूला ठेवून त्याने ती शिकून घेतली.'' मास्तर थांबले. ''पाटी कोरी असलेल्याला शिकणं सोपं. येत असलेलं विसरून शिकणं कठीण. तुम्हांला तर शब्द येतात.''

पुढचे दोन दिवस मी गावातच होतो. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी गणपती घाटावर बसलो. ढोल्या गणपतीचे हे देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधले, हे मी जाणत होतो. पण मी ते आजवर समोरून पाहिले, म्हणजे रांगेतून. या वेळी नदीच्या बाजूने मागची भिंत काढायला घेतली आणि रेघ सरळ जाईना. भिंत बाहेरच्या बाजूला निमुळती होत गेली आहे, माशाच्या तोंडासारखी, पुराचे पाणी येऊन आदळले तर दुभंगून दोन अंगांनी जावे म्हणून. हे कारण मी लहानपणी मामांच्या तोंडून ऐकलेही होते. तरी ऐकलेली ती गोष्ट आणि ही दगडी नाक कधी एकमेकांना भेटलीच नव्हती. चित्र मात्र वाईट आले. देऊळ नावेसारखे नदीत निघाल्यासारखे दिसते. ते अजून वहीत आहे, पुसलेले नाही.

मग वाडा. पाडव्यापासून भाऊबीजेपर्यंत मी वाड्याबाहेर गेलो नाही. मामेभावाने बंगळुराहून येऊन मोबाइलवर वाड्याचे दोनशे-अडीचशे फोटो काढले, तासाभरात, खाली-वर, अगदी न्हाणीघरासकट. मला त्याचा हेवा वाटला. मास्तरांना विचारले, की हे सगळे आहे तर मी का डोळे फोडतोय? त्यांनी फोटोंची निंदा केली नाही. ''चांगले आहेत. सगळं आलंय. तुमच्या चित्रात थोडंच येईल. पण ते तुमच्या डोळ्यांतून आत जाऊन हातातून बाहेर आलेलं असेल.'' एवढे बोलून ते मामींनी आणलेल्या अनारशाकडे वळले.

ओसरीवर पूर्वेच्या भिंतीत एक कोनाडा आहे. होता, असे आता म्हणायला हवे. माझ्या दोन पानांत पणत्या मिणमिणत होत्या त्या त्यातच. तो मी ६बीने रंगवत होतो. वरच्या बाजूला काजळी होती. मी ती घुमटासारखी सारखी काळी केली. मग डोळे किलकिले केले, तर काळे मधोमध नव्हते. ते डावीकडे कलले होते, आणि डाव्या कडेवरून बाहेर भिंतीवरसुद्धा एक बोटभर पट्टा गेला होता. चार दिवसांपूर्वी मी ते बघितले नसते. काजळी म्हणजे काजळी. आता कलली का, हा प्रश्न पडला. उजवीकडे खिडकी होती. वारा तिकडून येत असणार. म्हणजे दिवा बराच काळ जळत असला पाहिजे, एकाच जागी, रोज. मामांना हाक मारली.

मामा आले. बराच वेळ कोनाड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ''ही तुझ्या आईची चिमणी.''

१९६८ साली आई एस.एस.सी.ला होती, तेव्हाची अकरावी. घरात वीज होती. पण अण्णा, म्हणजे माझे आजोबा, रात्री नऊला दिवे मालवीत. मुलीच्या परीक्षेसाठी वीज जाळायची त्यांची तयारी नव्हती. परीक्षेला बसू देत होते हेच पुष्कळ. आई दहानंतर उठून या कोनाड्यात रॉकेलची चिमणी लावी आणि भिंतीला नाक लावून वाची. मामा तिच्याहून चार वर्षांनी लहान. त्यांचे काम जिन्याच्या पायरीवर बसून अण्णांच्या खोलीकडे लक्ष ठेवायचे. ''मी झोपून जायचो. एकदा अण्णा खाली आले. तिने चिमणी फुंकली. पण वास कसा लपणार? ते काही बोलले नाहीत. उभे राहिले आणि परत वर गेले. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, 'ती चांगल्या मार्कांनी पास होईल का रे?' ''

''झाली?''

''झाली की. पण पुढे नाही पाठवली. दोन वर्षांत लग्न.''

आईने मला एम.ए. होईपर्यंत कधी घरातले काम सांगितले नाही. रात्री मी वाचत बसलो की ती दर तासाने उठून येई आणि दिवा नीट आहे ना, असे विचारी. विजेच्या दिव्याला नीट नसायला काय झाले, म्हणून मी चिडत असे. तिला जाऊन सहा वर्षे झाली. वाईला पन्नास वेळा आलो, त्या कोनाड्याखाली बसून जेवलो, झोपलो, त्याच्यावर दोन वाक्येही लिहिली. मी पुन्हा बसलो आणि ते काळे डावीकडे जितके कलले होते तितके कलवून काढले. बाहेरचा बोटभर पट्टाही काढला. तो काढायला मला सबंध सकाळ लागली.

भाऊबीजेच्या दुपारी ओसरीचे संपूर्ण चित्र पुरे झाले. पाच खांब, मधला झोपाळा, तळखडे, वरची तुळई, मागे कोनाडा, उजवीकडे माडीचा जिना. चित्र म्हणून ते सामान्य आहे. झोपाळ्याच्या कड्या साखळीऐवजी दोरखंडासारख्या आल्या आहेत आणि जिना चढायची कोणी हिंमत करू नये. सगळ्यांनी ते हातोहात पाहिले. मामांनी चष्मा लावला, वही लांब धरली, जवळ धरली.

''तिसरा खांब वाकडा काढलास.''

''मला तो तसा दिसला, मामा.''

''वाकडा कसा असेल? सत्तर वर्षं मी त्याला टेकून बसतोय.''

मास्तर झोपाळ्यावरून उठले नाहीत. म्हणाले, ''ओळंबा आहे का घरात?''

ओळंबा नव्हता. मामांनी मामींकडून सुतळी मागून घेतली, तिला आडकित्ता बांधला, आणि स्टुलावर चढायला निघाले. मामी नको नको म्हणत असतानाच मामेभाऊ चढला. सुतळी तुळईपाशी खांबाला लावून धरली आणि खाली सोडली. आडकित्ता जरा वेळ गोल फिरला, हेलकावला, मग थांबला. तळखड्यापाशी सुतळी आणि खांब यांच्यामध्ये मामांची चार बोटे सहज मावली. त्यांनी ती घालून पाहिली, काढली, पुन्हा घातली. कोणी काही बोलले नाही. मग ते खाली बसले आणि नेहमीसारखे त्याच खांबाला टेकले.

''कधीपासून वाकडा असेल रे?'' ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाची एस.टी. गाठायची होती. मास्तर एवढ्या थंडीत मफलर गुंडाळून आले आणि सदऱ्याच्या खिशातून माझे खोडरबर काढून माझ्या हातावर ठेवले. मामी चारलाच उठल्या होत्या. न्हाणीघरात बंब पेटवताना गोवऱ्या धुमसत होत्या, त्या पेट घेईनात. ओसरीवर फडताळात ठेवलेली माझी ती दोन पाने त्यांच्या हाती लागली. ''हे कागद रे? कामाचे आहेत का?'' त्यांनी आतून ओरडून विचारले.

''नाहीत, मामी. घाला,'' मी म्हणालो.

पाणी चांगले कढत झाले होते.